उरलेली अर्धी फरशी

१

कुमार म्याकल रोज दुपारी दोनला घरी यायला लागला, ते काही हौसेने नाही. सव्वीस वर्षं तो अक्कलकोट रोडच्या एका चादर कारखान्यात ग्राफच्या कागदावर चौकोन भरत आला होता. भरलेला चौकोन म्हणजे धागा वर, कोरा म्हणजे धागा खाली. असे हजारो चौकोन भरले की मोर होतो, कमळ होतं, आणि कुणाच्या तरी रुखवतात जाऊन बसतं. त्याच टेबलावर त्याच्याआधी त्याचे वडील बसायचे. टेबलाच्या कडेला त्यांच्या कोपराने पडलेला खळगा होता, आणि कुमारचा कोपर आता त्यात बरोबर बसायचा.

या कामात नक्षी अर्धीच काढायची असते. उरलेली अर्धी आरशासारखी उलटून येते. वडिलांची त्यात एक खोड होती. सगळं जुळलं की एका कोपऱ्यात एक चौकोन मुद्दाम चुकवायचा. बाळाच्या गालाला तीट लावतात तसा. "बिनचुकीच्या वस्तूवर नजर बसते," असं ते म्हणायचे. कुणाची, ते कधी सांगितलं नाही. गिऱ्हाइकाला तो चौकोन दिसायचा नाही. कारखान्यात तो फक्त मागांची दुरुस्ती करणाऱ्या कल्लप्पाला दिसायचा, पण कल्लप्पाला तर शेठच्या टोपाखालचं टक्कलही दिसायचं.

अलीकडे नक्ष्या सुरतेहून मेलवर यायला लागल्या आणि कुमारचा दिवस अर्धा झाला. गणपती बसायच्या आधी शेठने त्याला बोलावून घेतलं.

"कुमार, दसऱ्याला नवा माल काढायचाय. तुझ्या हातची एक नवी जोडी दे. वरची चादर आणि खाली अंथरायची. मोर नको, कमळ नको. मोर बघून बघून मलाच पिसं फुटतील आता."

"बघतो शेठ."

"बघू नको, काढ. नाही जमलं तर सांग. ते टेबल उचलून तिथं पॅकिंगचं मशिन बसवायचंय."

कुमारने कोरा ग्राफ घरी नेला. आठ दिवस त्यावर एक चौकोनही पडला नाही. पेन्सिलीला टोक काढून काढून पेन्सिल मात्र निम्मी झाली.

२

गणपतीला मुलगी पुण्याहून आली होती. श्रावणीने स्वतःसाठी नवा लॅपटॉप घेतला होता, म्हणून तिचा जुना कॉम्प्युटर तिने मागच्या खोलीत बापाला लावून दिला. त्यात एक खेळ होता. मोकळं माळरान आणि रंगीबेरंगी ठोकळे. मारामारी नाही, शर्यत नाही. वाटेल ते बांधायचं.

"नाना, तुमचंच काम आहे हे. चौकोनच भरायचेत. हात चालू झाला की डोकं चालतं."

हात चालू झाला, पण अर्ध्यातच थांबायचा. कुमारने रेल्वे स्टेशन बांधायला घेतलं, ते तिकीट खिडकीपाशी राहिलं. भुईकोट किल्ल्याचे दोन बुरूज झाले आणि तिसऱ्याला कंटाळा आला. तळं खणलं, पाणी भरायचं राहिलं. माळरानावर अशी आठ-दहा अर्धवट बांधकामं उभी राहिली; नव्या वसाहतीत पैसे संपलेल्या लोकांची असतात तशी. श्रावणी पुण्याला परत गेली तेव्हा त्याने फोनवर तक्रार केली.

"काही बांधावंसंच वाटत नाही गं. बसतो आणि नुसता बघत राहतो."

"सगळ्यांना होतं तसं नाना. एक करा. मोठं घेऊ नका. एकच खोली घ्या. आणि रोज उठताना मुद्दाम थोडं अर्धं सोडून उठा. दुसऱ्या दिवशी ते अर्धं बघितलं की हात शिवशिवतो."

कुमारला हे पटलं. त्याने एक दिवाणखाना बांधला. चार पांढऱ्या भिंती, एक दार, खिडकी नाही. खाली पांढरी फरशी. आणि उठताना, सव्वीस वर्षांच्या सवयीने, कोपऱ्यात एकच ठोकळा लाल ठेवला. तीट.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ठोकळा पांढरा होता.

३

आता कुणीही म्हणेल, एका ठोकळ्याचं काय घेऊन बसलात. कुमारनेही तेच म्हटलं. आपणच विसरलो असू. त्याने पुन्हा लाल ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरा. तिसऱ्या दिवशी त्याने ग्राफच्या कोपऱ्यात तारीख टाकून लिहिलं, 'लाल ठेवला', आणि खाली सही केली. चौथ्या दिवशी फरशी पांढरीशुभ्र, आणि सही त्याचीच.

पहिला संशय लेकीवर.

"श्रावणी, तू तिकडून माझ्या खेळात शिरतेस का गं?"

"नाना, तो खेळ फक्त त्या कॉम्प्युटरवर आहे. नेटच नाही त्याला. मी कशी शिरणार?"

"मग माझी चूक कोण दुरुस्त करतंय?"

"कुणीतरी करतंय ना, मग बरंच आहे की," श्रावणी हसत म्हणाली, आणि तिला मैत्रिणीने हाक मारली म्हणून फोन ठेवला.

दुसरा संशय बायकोवर. रुद्राणी मधल्या खोलीत दिवसभर विड्या वळत बसायची. मागच्या खोलीत जायचं तर तिच्या समोरूनच जावं लागायचं. पण रुद्राणी माउसला हात लावायला भ्यायची. एकदा तिने तो पुसायला उचलला तर खालचा लाल उजेड बघून पाण्याच्या बादलीत टाकायला निघाली होती.

कुमारने एक युक्ती केली. फरशीचा अर्धा भाग काळ्या आणि राखाडी ठोकळ्यांनी वेडावाकडा भरला. नक्षी अशी नाहीच; नुसता हात फिरवला. अर्धा भाग कोरा ठेवला. ढवळाढवळ कुणी करत असेल तर या गबाळ्याला काय करतो ते बघू, असा त्याचा डाव.

दुसऱ्या दिवशी त्याने खेळ उघडला आणि खुर्चीत हळूच मागे टेकला.

उरलेली अर्धी फरशी भरलेली होती. आरशासारखी उलटून नव्हे. ते तर कुणालाही जमेल. कुमारने टाकलेला प्रत्येक वेडावाकडा ठोकळा तिकडच्या ठोकळ्यांनी असा उचलून धरला होता, की आता तो वेडावाकडा दिसतच नव्हता. पाण्यावर खडा टाकल्यावर लाट काठाला लागून परत फिरते, तशी ती नक्षी मधल्या ओळीपर्यंत जाऊन परत येत होती. कुमारने वरून बघितलं, कोपऱ्यात उभं राहून बघितलं. सव्वीस वर्षांत इतकं चांगलं काही त्याच्या टेबलावरून गेलं नव्हतं. त्याच्या वडिलांच्याही नाही.

त्याने ग्राफ पुढे ओढला आणि उतरवून घ्यायला लागला.

४

शेठने कागद उजेडाला धरून बघितला. मग चष्मा काढून बघितला.

"कुमार, हे तुझं?"

"अर्धं माझं आहे शेठ," कुमार खरं तेच बोलला.

शेठला तो विनय वाटला. नमुन्याची चादर त्याच दिवशी मागावर चढली. आता जोडीची नक्षी पाहिजे, दसऱ्याआधीच्या सोमवारी सकाळी, शेठने बजावलं; एकट्या चादरीचं काय करायचं, दसऱ्याला जोडीच जाते. ती आली की टेबलाचं बोलणं कायमचं संपलं.

नमुना उतरल्यावर कल्लप्पाने ती चादर मागाशेजारच्या लोखंडी घोड्यावर पसरली. हा माणूस चादरीवर तळहात फिरवून धागा तुटलेली जागा सांगायचा. त्याने एकदा हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"कुमार, तुझा चुकीचा चौकोन कुटं हाय?"

"राहिला."

"राहिला म्हणजे? तुझ्या बापानं मरायच्या आदल्या दिवशी काढलेल्या टॉवेलमध्ये पण सोडला हुता की."

"ही नक्षीच तशी आहे. कुठं चुकवावं कळेना."

कल्लप्पाने चादरीची घडी घातली, नक्षी आतल्या बाजूला ठेवून. "चांगली हाय. लई चांगली हाय," तो म्हणाला. "पण मी न्हाय पांघरणार बाबा."

५

जोडीच्या नक्षीसाठी कुमारने दुसरा दिवाणखाना बांधला. पुन्हा पांढऱ्या भिंती, पुन्हा अर्धी फरशी वेडीवाकडी. या वेळी हातात जोर होता. दोन वाजायची वाट बघत तो सिटी बसमध्ये उभ्याने बोटं हलवायचा.

दुसऱ्या दिवशी फरशी तशीच अर्धी होती.

पण दारासमोरच्या पांढऱ्या भिंतीत, अगदी खाली, सात-आठ ठोकळे मातकट रंगाचे झाले होते. एका बाजूलाच. कुमारने जवळ जाऊन बघितलं, लांब जाऊन बघितलं. एक कमान सुरू होऊन मध्येच कापलेली. त्याने ती सोडून दिली.

तीन दिवस फरशी हलली नाही. भिंतही हलली नाही. आणि त्या तीन दिवसांत कुमारला एक गोष्ट कळली, जी त्याने कुणाला सांगितली नाही. त्याला भीती वाटत नव्हती. वाट बघायला लागत होती, त्याचा राग येत होता.

चौथ्या दिवशी त्याची नजर पुन्हा त्या मातकट ठोकळ्यांवर गेली, आणि सव्वीस वर्षांचा हात आपोआप पुढे झाला. अर्धी नक्षी दिसली की हा हात थांबत नाही. मधली रेघ धरून त्याने पलीकडे तेवढेच ठोकळे उलटे बसवले. कमान पूर्ण झाली.

हनुवटी होती ती.

दुसऱ्या दिवशी फरशीच्या चार ओळी भरलेल्या होत्या. आणि भिंतीवर, हनुवटीच्या वर, डाव्या बाजूला एक नवी अर्धी ओळ आली होती.

कुमार अडाणी नव्हता. व्यवहार त्याला कळला. मी तुझ्या चार भरतो, तू माझी एक भर.

६

रोज एक ओळ. ओठ आले. ते किंचित उघडे होते, कुणाला हाक मारायच्या आधी होतात तेवढे. गालाची हाडं आली. चेहरा बाईचा की बाप्याचा, तेही सांगता येत नव्हतं. ओळखीचा नव्हता. आपलाच असेल असं कुमारला एकदा वाटलं होतं, तसा असता तर बरं झालं असतं.

फरशी मात्र दिवसेंदिवस अशी खुलत होती की तिच्यापुढे पहिली चादर म्हणजे पायपुसणं.

तरी संशय जाईना. एवढं रोज करायला कुणीतरी या खुर्चीत बसत असणारच. कुमारने माउसवर रांगोळी भुरभुरली. रांगोळी तशीच राहिली, ओळ आली. दाराला बाहेरून सेलोटेप लावून पाहिला. टेप शाबूत, ओळ आली. शेवटी एका सकाळी त्याने कॉम्प्युटरची वायरच काढली आणि डब्याच्या पिशवीत टाकून कारखान्यात नेली.

जेवताना कल्लप्पाने पिशवीत डोकावलं.

"भाकरी, शेंगाचटणी आणि वायर. वैनीचं आणि तुझं बरं हाय ना?"

"दुरुस्तीला न्यायची आहे."

"मशिन घरी आणि वायर एकटीच दवाखान्यात?" कल्लप्पाने चटणी उचलली. मग आवाज उतरवून म्हणाला, "कुमार, त्या नक्षीचं काय ते मला सांग. मी हसणार न्हाय."

कुमारने सांगितलं नाही. कल्लप्पाही हसला नाही.

दोनला कुमार घरी आला तेव्हा रुद्राणी दारातच उभी होती. त्यांच्या घरात बोलणं तेलुगूत आणि भांडण मराठीत चालायचं, कारण भांडण गल्लीला कळलं पाहिजे. ती मराठीत सुरू झाली.

"आता कुठून आलात?"

"कुठून म्हणजे? कामावरून."

"कामावरून. सकाळी अकराला मागच्या खोलीत बसून टिकटिक टिकटिक करत होतात, ते काय कारखाना इथं आणला?"

कुमारने पिशवी छातीशी धरली. "अकराला मी कल्लप्पाजवळ होतो."

"मी आंधळी आहे काय? पडदा उडाला तेव्हा बघितलं. पाठ करून बसला होतात. म्हटलं, कामावर गेला नाहीत काय? तर हात वर केला, थांब म्हणून. चहा आणून दाराशी ठेवला, तोसुद्धा प्यालात. आणि बायकोला फसवायला आता पिशवी घेऊन दारातून येताय."

"तोंड बघितलंस?"

"तुमचं तोंड काय बघायचंय? तेवीस वर्षं बघते आहे."

"रुद्राणी, तोंड बघितलंस का?"

 त्याचा आवाज ऐकून ती, गल्लीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, तेलुगूत म्हणाली, "नाही."

मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी कप होता. तळाशी चहाची पूड राहिली होती. कुमारने पिशवीतून वायर काढून कॉम्प्युटरला लावली. कॉम्प्युटर सुरू झाला. भिंतीवर नाकाची ओळ आलेली होती.

७

रुद्राणीने दोन गोष्टी केल्या. मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. आणि शनिवारी नवऱ्याला सांगितलं, "उद्या ते पुसून टाका. नाहीतर मी अक्कलकोटला भावाकडे जाते, आणि श्रावणीलाही सांगते इकडे येऊ नको म्हणून."

कुमारने रविवारी सकाळी लेकीला फोन करून विचारून घेतलं. अख्खं माळरान पुसायला दोनदा क्लिक करायचं होतं, बस.

"सगळंच पुसणार नाना? इतकं बांधलंत, फोटो तरी काढून पाठवा."

"नको," कुमार म्हणाला. "तू बघू नको."

शेवटचं एकदा बघायचं म्हणून त्याने खेळ उघडला. फरशी जवळपास झाली होती. मधोमध चार ओळींची कोरी पट्टी तेवढी उरली होती. आणि सगळी नक्षी चारी बाजूंनी त्या पट्टीकडेच धावत होती. ती नसेल तर बाकीच्याला काही अर्थच नव्हता. भिंतीवर डोळ्यांची ओळ उरली होती. डावा डोळा कालच आला होता. पांढऱ्यात एक काळा ठोकळा, नाकाच्या बाजूला सरकलेला.

चार ओळी. तेवढ्या तर आपण भरू, कुमारने ठरवलं. सव्वीस वर्षं काय केलं मग? उरलेली फरशी त्याने ग्राफवर उतरवून घेतली आणि पेन्सिल घेऊन बसला. त्याने उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं. लाट काढली, ती साप झाली. कमळ काढलं, ते त्या फरशीत असं दिसलं जसं राजवाड्यात कुणी चप्पल विसरून गेलंय. अकरा वाजले, बारा वाजले. खोडून खोडून कागदाला भोक पडलं.

उद्या सकाळी शेठ हात पुढे करणार. त्यानंतर चार माणसं टेबलाचे चार पाय धरणार. कोपराचा तो खळगा भंगारात जाणार, आणि कुमार म्याकल हा चौकोन भरणारा माणूस होता असं म्हणायला कुठे खूणसुद्धा उरणार नाही.

८

जेवणं झाली. रुद्राणी विड्यांची पाटी मांडीवर घेऊन मागच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून बसली. पडदा तिने काढूनच टाकला होता. "मी इथेच आहे," ती म्हणाली. "बघते कोण बसतंय खुर्चीत." मग कात्री सुरू झाली. विडीची पानं कापतानाचा तो आवाज, एकसारखा, दर पानाला चारदा.

"पुसलं का?" तिने तिथूनच विचारलं.

"पुसतोय."

कुमारने खरंच ती जागा उघडली होती. 'पुसायचं?' असं यंत्र विचारत होतं. त्याने माउस 'नाही'वर नेऊन दाबला. दिवाणखाना परत समोर आला.

एकच ओळ होती. पाच-सहा पांढरे ठोकळे आणि एक काळा. त्याने मधली रेघ धरली आणि पांढरे बसवले. मग काळा. आरशाच्या नियमाने तोही नाकाच्या बाजूला बसला. चेहरा पूर्ण झाला, आणि दोन्ही बुबुळं आत वळल्यामुळे तिरळा, जरासा बावळट दिसायला लागला. कुमारला हायसं वाटलं. इतके दिवस आपण याला भ्यालो. तो हसलासुद्धा.

तेव्हा त्याच्या डोळ्यांदेखत, त्याचा हात माउसवर नसताना, त्याने बसवलेला काळा ठोकळा एक चौकोन सरकला.

आता दोन्ही डोळे एकाच बाजूला बघत होते. कुमारकडे नाही. त्याच्या उजव्या खांद्यावरून मागे, जिथे मधल्या खोलीचं दार होतं.

आणि फरशी भरायला लागली. पहिल्यांदाच त्याच्यासमोर. मधल्या कोऱ्या पट्टीत एकेक ठोकळा पडत होता, टिक, टिक, टिक, घाई न करता, आणि प्रत्येक ठोकळ्यासरशी चारी बाजूंच्या लाटा एकमेकींना भेटत होत्या. असं होतं होय हे. इतकं सोपं. कुमारच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने नवा कागद ओढला. पेन्सिल कागदावर अशी चालायला लागली, जशी विसाव्या वर्षी चालायची. पहिली ओळ उतरली. दुसरी उतरली. मागे कात्री चालली होती, दर पानाला चारदा. तिसरी ओळ उतरली.

चौथ्या ओळीच्या मध्यावर त्याच्या लक्षात आलं, की कात्रीचा आवाज येत नाहीये. कधी थांबला ते सांगता येत नव्हतं. तिसऱ्या ओळीला होता की नव्हता, तेही नाही. पाटी खाली ठेवल्याचा आवाज नाही, बांगड्या वाजल्या नाहीत, ती उठली म्हणावी तर फरशीवर पाऊल नाही. मधल्या खोलीत कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं शांत होतं.

कुमारची मान अर्धी वळली आणि तिथेच थांबली. कॉम्प्युटरवरची चौथी ओळ उजव्या कडेने एकेक ठोकळा पुसट व्हायला लागली होती. अजून नऊ चौकोन राहिले होते. तो मागे वळला असता, तर ते गेले असते.

त्याने मान पुढे केली. नऊ, आठ, सात. एकही चौकोन न चुकवता त्याने ती ओळ पूर्ण उतरवली, पेन्सिल ग्राफवर आडवी ठेवली, आणि मग रुद्राणीला हाक मारली.